तीन रात्री, चार दिवस

स्टिकर चार वर्षांपासून कपाटाच्या दारावर आहे.
नागपूरच्या मॉलमध्ये एकशे ऐंशीला चार मिळाली ती संत्री.
ह्यांनी तिथेच उभं राहून एक सोलायला घेतलं,
साल निघता निघेना.
एक फोड तोंडात धरून डोळे मिटले,
म्हणाले, "आंबट आहे. पण रस धरून आहे."
स्टिकरवर नाव होतं, व्हॅलेन्सिया.
हे म्हणाले, ही जात आहे.
मी म्हटलं, गाव असणार.

आज मे महिन्याची एकोणीस. पारा शेहेचाळीस.
कूलरमध्ये चौथी बादली ओतून
आम्ही नकाशा पलंगावर पसरला,
वरूडच्या सेतू केंद्रात शाहीननं छापून दिलेला,
चार कागद जोडून.
समुद्र नेमका चिकटपट्टीखाली गेला आहे.

मी मोठ्यानं वाचते, वर्षातले तीनशे दिवस लख्ख ऊन.
हे इतके हसले की ठसका लागला.
"ऊन पाहाले जाचं? अन् तेबी पैसे देऊन?
अवं, त्याइले म्हणा इकडं या,
दोन रुपये किलोनं देतो."

डिसेंबर ठरला आहे, त्यावर वाद नाही.
आंब्या बहाराचा माल तोवर उतरतो,
बाग ताणावर सोडली की महिनाभर
झाडाला पाणी नाही, माणसाला काम नाही.
एकतीस वर्षं हा महिना आम्ही लग्नांना दिला.
लोकांच्या.

पहिल्या दिवशी उतरायचं, सामान टाकायचं, चहा शोधायचा.
दुसऱ्या दिवशी मोठं चर्च, त्याचा मनोरा,
दोनशे सात पायऱ्या.
माझा डावा गुडघा म्हणतो, शंभर.
हे म्हणतात, तू खाली बस, मी वरून हात दाखवतो.
तिसऱ्या दिवसासमोर शिसपेन्सिलीनं लिहिलंय,
खुंट पाहणे.
म्हणजे तिकडचे लोक कलम कशावर बांधतात,
आपल्यासारखं जंभेरीवर की आणखी कशावर,
"ते पाह्यल्याशिवाय परत याचं नाही."
कलमाचा चाकू जवळ ठेवून विमानात बसता येत नाही
हे कळल्यावर दोन दिवस घुश्श्यात होते.
रस्त्यांच्या कडेला म्हणे संत्र्याचीच झाडं,
लगडलेली, आणि कुणी तोडून खात नाही, कडू आहेत.
ह्यांना हे रात्री मध्येच आठवतं
आणि वाईट वाटतं.

पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला होता, गोहाड.
ताक पिऊन झाल्यावर म्हणाला,
"तिकडं कोन आहे तुमचं?"
कुणी नाही.
"पोरगा, पोरगी?"
कुणी नाही.
"मंग कायले जाता?"
हे भिंतीकडे बघत राहिले, मी ग्लास उचलला.
त्यानं काय लिहिलं ठाऊक नाही. पासपोर्ट आले,
दोन्ही फोटोंत आम्ही गुन्हा कबूल केल्यासारखे.

दुपारी दोन ते पाच तिकडे कितीतरी दुकानं बंद असतात.
मी हे वाचलं आणि स्वारी उठून बसली.
इथेही या घटकेला रस्त्यावर कुत्रं नाही,
स्टँडवरचा पानठेला तोंडावर फडकं टाकून झोपलाय.
"मंग आपण काय करू तिकडं, दोन ते पाच?"
झोपू.
"इमानानं जाऊन?"
विमानानं जाऊन.
बराच वेळ कूलरच बोलत राहिला.
मग ह्यांनी पेन्सिल घेतली
आणि सगळ्या दिवसांसमोर, चर्चच्याही वर,
नीट अक्षरात लिहिलं,
झोप.

रात्री बाराला थ्री फेज येते.
हे बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला गेले.
नकाशाची घडी घालता घालता मी वेळ मोजली,
साडेतीन तास मागे.
म्हणजे साडेआठ.
बोअरचं पाणी पाइपात खोकत वर चढल्याचा आवाज आला.
जेवायला निघाले असतील लोक.
नाही, एवढ्यात कुठले,
अजून ऊन आहे तिथे.